पावणेदोन वर्षांच्या मुलीला घेऊन लोकांच्या घरच्या बागा बघायला जावं का?

गवतीचहा

नमस्कार मंडळी,

आम्ही पुण्यात, कोथरूडला सहाव्या मजल्यावर राहतो. आमच्या भागात गच्चीवर, बाल्कनीत किंवा बंगल्याभोवती बाग करणाऱ्यांचा एक गट आहे. पावसाळा सरला की थंडी संपेपर्यंत अधूनमधून रविवारी सकाळी कुणीतरी आपली बाग सगळ्यांना बघायला खुली करतं. चहा होतो, बियांची देवाणघेवाण होते आणि करणाऱ्याकडूनच कळाव्यात अशा गोष्टी कळतात. टोमॅटोवर पांढरी माशी आली तर काय करायचं, गच्चीला ओल येऊ नये म्हणून वाफा विटांवर उचलून कसा घ्यायचा, नारळाच्या शेंड्या तळाला किती घालायच्या, वगैरे.

लेक झाल्यापासून माझं जाणं बंद आहे. यंदा तिला बरोबर घेऊन जायचं मनात आहे. तिला सांभाळायला घरी माणूस आहे, प्रश्न तो नाही. आमच्या इमारतीखाली सगळीकडे पेव्हर ब्लॉक आहेत आणि जी हिरवळ आहे तिच्यात पाय ठेवायला मनाई आहे. माती, गांडूळ, झाडाला लागलेलं वांगं हे तिला हात लावून बघायचं असेल तर दुसऱ्या कुणाच्या बागेतच जावं लागणार. म्हणून मला वाटतं की न्यावंच.

पण ज्यांच्या घरी जायचं त्यांना हे कसं वाटतं? काय काय सांभाळावं लागतं? आणि या वयाचं मूल किती वेळ रमतं? ज्यांनी नेलंय आणि ज्यांच्या घरी मुलं आली आहेत, अशा दोघांनीही लिहा.

सदाफुली_ठाणे

न्याच. एका सकाळी एकच बाग, आणि पाऊण तासाच्या आत बाहेर. पूर्ण बाग बघायचा हट्ट मात्र सोडायचा. आमच्या चिरंजीवांनी एका घरी सगळा वेळ नळाखालच्या बादलीत वाळकी पानं सोडण्यात घालवला. घरी आल्यावर आजीला "झाड, पाणी, डुबुक" एवढा वृत्तांत दिला. आजी खूश.

टाचणी

माझं मत वेगळं आहे. आपण बाग बघायला जातो ते यजमानांचं ऐकायला. मूल बरोबर असलं की आईचं लक्ष मुलाकडे, यजमानांचं लक्ष कुंड्यांकडे आणि बागेकडे कुणाचंच नाही. इतर लोकही वेळ काढून आलेले असतात. मुलीला माती दाखवायची तर सार्वजनिक बागेत न्या, एम्प्रेस गार्डन आहे की. दोन कामं एकत्र केली की दोन्ही अर्धवट होतात.

केळफूल

टाचणी, एम्प्रेसला आम्ही मुलाला घेऊन बऱ्याचदा गेलोय. बाग सुंदरच आहे, पण तिथले जुने वृक्ष एवढे मोठे आहेत की दोन वर्षांच्या मुलाच्या नजरेला नुसता बुंधा येतो. प्रजासत्ताक दिनाच्या सुमाराला पुष्पप्रदर्शन भरतं तेव्हा तर गर्दीत त्याला फक्त माणसांचे पाय दिसतात. घरच्या बागेत कुंडीतली मिरची नेमकी नाकासमोर येते. हा फरक फार मोठा आहे.

मोगरा_अंगणी

मी यजमानांच्या बाजूने लिहिते. सहकारनगरला आमचं जुनं घर आहे, पुढे अंगण आणि वर गच्ची. लोक बाग बघायला येतात, मुलंही येतात.

पहिली गोष्ट म्हणजे आदल्या दिवशी फोन करून "छोटी येतेय" एवढं सांगा. मग मी गुलाब आणि निवडुंगाच्या कुंड्या वरच्या मांडणीवर ठेवते, कात्री-खुरपं आत नेते, पाण्याच्या पिंपावर झाकण घालून वर वीट ठेवते. कमळाच्या टबावर जाळी आहेच. न सांगता आलात तर यातलं काही झालेलं नसतं आणि मग मी तुमच्याशी बोलताना सारखी मुलाच्या मागे बघत राहते.

दुसरी गोष्ट, मुलाला काम द्या. माझ्याकडे एक छोटी झारी त्यासाठीच ठेवलेली असते. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, घातलेली कुंडी सुकली की त्यात ओतलेलं पाणी आधी वरच तरंगतं. मग बारीक चुरचुर आवाज येतो, कडेने बुडबुडे निघतात आणि पाणी एकदम खाली जातं. शेजारची नात हे बघायला उकिडवी बसते. पाणी जिरलं की "गेलं!" म्हणते आणि झारी पुन्हा भरायला माझ्याकडे देते. तेवढ्या वेळात तिच्या आईची आणि माझी खतावरची सगळी चर्चा होते.

आणि टाचणी, नुकसानाचं म्हणाल तर माझ्या बागेचं नुकसान लहान मुलांनी कधी केलेलं नाही. न विचारता फांदी खुडून पिशवीत टाकणारी माणसं सगळी मोठी होती. कृष्णकमळाचा वेल एकदा असा ओरबाडला की सावरायला पुढचा पावसाळा उजाडला. हवं असेल तर मागा, मी मुळं फुटलेलं रोप करून देते.

घेवडा

मोगरा काकू, शेवटच्या परिच्छेदाला शंभर वेळा अनुमोदन. हा मजकूर प्रत्येक बागेच्या दारावर लावायला हवा.

कडुकिराईत

मी बालरोगतज्ज्ञ आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. भीती घालायचा हेतू नाही, कारण मुलांनी मातीत खेळावं असंच मी सगळ्या पालकांना सांगतो.

गच्चीवर सगळ्यात आधी कठडा बघा. त्याची उंची पुरेशी असली तरी त्याला लागून कुंड्या मांडलेल्या असतात, आणि कुंडी म्हणजे चढायची पायरी. अशा गच्चीवर मुलाचा हात सोडायचा नाही. दुसरं म्हणजे पाणी. या वयात डोकं शरीराच्या मानाने जड असतं. मूल टबात वाकून तोंडावर पडलं तर त्याला स्वतःहून उठता येत नाही आणि वीतभर पाणीही जिवावर बेतू शकतं. हे सगळं आवाज न होता घडतं. "काही झालं तर रडेल, मग कळेल" यावर विसंबू नका.

आता झाडं. कण्हेर आणि पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, यांचं पान, फूल, बी, चीक सगळंच विषारी आहे आणि ते थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतं. अडेनियम कण्हेरीच्याच कुळातलं. धोतऱ्याचं बोंड, एरंडाच्या बिया आणि गुंजा यांपासून लांब. गुंज लालकाळी, टपोरी, मुलांना उचलावीशी वाटणारी आणि चावली गेली तर अतिशय धोक्याची. कुंपणाला मोगली एरंड असतो, त्याच्या बिया खाऊन उलट्या-जुलाब झालेली मुलं आपल्याकडे दवाखान्यात येतात. घरातल्या शोभेच्या झाडांपैकी डायफेनबाकिया. त्याच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, चावलं की तोंडाची आग होते आणि जीभ-ओठ सुजतात. मनीप्लांट आणि कच्चं अळूही त्याच जातीचा त्रास देतात. रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. गेलाच तर स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुऊन लगेच नेत्रतज्ज्ञांकडे जा.

काही खाल्लंच तर तोंडातलं बोटाने काढा, चूळ भरता येत नसेल तर ओल्या फडक्याने पुसा. उलटी करवू नका. झाडाची डहाळी बरोबर घेऊन सरळ रुग्णालयात. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा.

आणि यजमानांना एक प्रश्न अवश्य विचारा: फवारणी कधी केली होती?

सदाफुली_ठाणे

डॉक्टर, हे वाचून आमच्या सोसायटीच्या कुंपणाकडे आता वेगळ्या नजरेने बघितलं. सगळी बिट्टीच आहे! लहानपणी आम्ही त्या बियांनी खेळायचो.

कडुकिराईत

खेळायचो आम्हीही. झाड उपटायची गरज नाही. या वयाचं मूल दिसेल ते तोंडात घालतं, म्हणून एवढी दोन-तीन वर्षं जपायचं.

पोफळी_गुहागर

तुमच्याकडे गच्च्या आणि कठडे, आमच्याकडे वाडी आणि विहीर. विहिरीला कठडा असला तरी वर जाळी हवीच. पावसात पाखाडीवर, म्हणजे दगडी पायवाटेवर, शेवाळं धरतं, तेव्हा मोठी माणसंही बेताने चालतात. त्यामुळे कोकणात कुणाची वाडी बघायला लहान मूल आणायचं तर दिवाळीनंतर या.

पण आलात की मुलाची चैन. पोफळीचं झाप पडलं की त्याच्या बुडाची विरी सुटते, रुंद, गुळगुळीत, चांगली चिवट. त्यावर मुलाला बसवायचं, झापाचं टोक धरायचं आणि वाडीभर ओढत न्यायचं. सगळी वाडी बघून होते आणि मूल "अजून, अजून" करतं. शिंपण्याच्या वेळी पाटातून पाणी सोडलं की त्यात फूल सोडून ते कुठपर्यंत जातं बघत त्याच्या मागे चालायचं, हा दुसरा कार्यक्रम. फक्त भर वाऱ्यात माडाखाली उभं राहू नका, मूल असो वा नसो.

केळफूल

विरीवरची गाडी! आजोळी आम्ही हेच करायचो. पुण्यात विरी कुठून आणू आता?

पोफळी_गुहागर

या गुहागरला, ताज्या विऱ्या पडलेल्याच असतात.

पावसाळी_लीड्स

इंग्लंडमधून लिहितेय. इथे लोकांच्या घरच्या बागा बघायला जाणं हा उन्हाळ्यातला मोठा उद्योग आहे. १९२७ साली नॅशनल गार्डन स्कीम सुरू झाली. लोक आपली खाजगी बाग ठरलेल्या दिवशी खुली करतात आणि तिकिटाचे पैसे परिचारिका आणि आरोग्यसेवेच्या संस्थांना जातात. पहिल्याच वर्षी ६०९ बागा उघडल्या होत्या, माणशी एक शिलिंग घेऊन ८,१९१ पौंड जमले. अजूनही बागांची पिवळ्या मुखपृष्ठाची यादी निघते. लहान मुलांना बहुतेक ठिकाणी तिकीट नसतं, आणि केक असतोच, त्यामुळे आमचा मुलगा आनंदाने येतो.

इथला एक भाग आपल्याकडे सहज घेता येईल. यादीत प्रत्येक बागेपुढे चार ओळी असतात. बाग कशी आहे, पायऱ्या किंवा चढ आहे का, चाकाची खुर्ची जाते का, कुत्रा आणलेला चालतो का. जायच्या आधीच ठरवता येतं. गवतीचहा, तुमच्या गटात बागेचा पत्ता टाकताना यजमानांनी एवढं लिहिलं तर? जिना कसा आहे, कठडा किती उंच, पाण्याचा टब उघडा आहे का, घरात कुत्रा आहे का.

विषारी झाडांबद्दल डॉक्टरांना दुजोरा. इथे जवळजवळ प्रत्येक बागेत फॉक्सग्लव्ह असतं, घंटांसारख्या फुलांचं. मुलं त्यात हमखास बोटं घालतात. तेही अख्खं झाड विषारी.

कडुकिराईत

फॉक्सग्लव्ह म्हणजे डिजिटॅलिस. हृदयविकारावरचं डिगॉक्सिन याच प्रजातीतल्या झाडापासून मिळतं. कण्हेरीतलं विषही त्याच प्रकारचं काम करतं. लीड्स काय आणि पुणे काय, सूचना एकच.

परडी

मला एका मुद्द्यावर वाद घालायचा आहे. "फुलाला हात लावू नको, तोडू नको" हे मुलांना सारखं ऐकवणं मला पटत नाही. आम्ही आजीबरोबर परडी घेऊन देवासाठी फुलं तोडतच मोठे झालो. जास्वंद देठासकट कशी काढायची, कळी का ठेवायची, तुळशीची मंजिरी कुठून खुडायची हे हाताने शिकलो. गौरीला तेरडा आणायला गेलो की बोंडं दाबून फोडायचो, बिया उडायच्या. नुसतं बघून झाडांची ओढ कशी लागणार?

टाचणी

आजीची बाग घरची होती, परडी. इथे बाग दुसऱ्याची आहे. कुणी वर्षभर सांभाळून एक शेवंती प्रदर्शनासाठी तयार केलेली असते. ती मुलाच्या मुठीत गेली तर "लहान आहे हो" म्हणून भागत नाही.

परडी

मान्य, पण मग मुलाने करायचं काय? हात मागे बांधून उभं राहायचं?

मोगरा_अंगणी

दोघांचंही बरोबर आहे आणि मार्गही सोपा आहे. पडलेलं फूल मुलाचं. प्राजक्त असलेल्या घरी लवकर गेलात तर सडा पडलेलाच असतो, हवा तेवढा वेचू दे. झाडावर असलेलं काही हवं असेल तर यजमान देतील. मी पुदिना, गवती चहा आणि ओव्याची पानं मुलांना मोकळी सोडलेली आहेत. खुडा, चुरगळा, वास घ्या. ओव्याचं पान चुरगळून नाकाशी धरलं की मुलांचा चेहरा बघण्यासारखा होतो. तेरड्याची पिकलेली बोंडंही फोडू देते, नाहीतरी ती आपोआप फुटणारच असतात आणि पुढच्या वर्षीची पेरणी होऊन जाते.

शेवंती मात्र वर ठेवते. टाचणी, तुमच्याकडे प्रदर्शनाची शेवंती आहे असं दिसतं!

टाचणी

आहे, काकू. पाच रंगांची. म्हणून तर एवढा जीव तोडून लिहितोय.

नीलवंतवाला

उशिरा आलो. मुलं आणि बाग यावर माझा एकच सल्ला, कढीपत्ता आणि लिंबू शोधा. त्यावर फुलपाखराच्या अळ्या सापडायची चांगली शक्यता असते. लहान असताना ही अळी हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, म्हणून लोकांच्या नजरेतून सुटते. मोठी झाली की पानासारखी हिरवी होते. तिला गवताच्या काडीने हलकेच डिवचलं तर डोक्यामागून दुभंगलेलं नारिंगी शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. माझ्या पुतणीने हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दोन पावलं मागे सरकली, मग पुन्हा पुढे वाकून अळीलाच "नको नको" म्हणाली.

पण एकदाच दाखवा, पुन्हा पुन्हा छळू नका. आणि अळीने पानं खाल्ली म्हणून कढीपत्ता मरत नाही, नवी पालवी फुटते. मी ज्याच्या नावाने इथे लिहितो तो नीलवंत, २०१५ पासून आपलं राज्य फुलपाखरू, त्याच्या अळ्याही लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच वाढतात.

घेवडा

कढीपत्त्यावरच्या अळ्या मारायला काल मिरची-लसणाचं पाणी करून ठेवलंय. आता ते नेऊन मिलीबगवाल्या जास्वंदीवर मारतो.

रातराणी_नाशिक

सगळे सकाळ सकाळ करताय. संध्याकाळी पाचनंतर का नाही? गुलबाक्षी तेव्हा उमलते, ऊन उतरलेलं असतं, मुलांची दुपारची झोप झालेली असते. सकाळी नऊ-दहाला गच्चीवरच्या फरश्या तापायला लागतात आणि मुलं अनवाणी पळतात.

सदाफुली_ठाणे

संध्याकाळी डास! ठाण्यात तरी अशक्य. पूर्ण बाह्यांचे कपडे घालूनही कान सोडत नाहीत.

मोगरा_अंगणी

आमच्या टबात गप्पी मासे आहेत, डासांच्या अळ्या उरत नाहीत. आणि मुलांना मासे दाखवले की दुसरं काही दाखवायची गरज राहत नाही.

संध्याकाळवरून आठवलं. पावसाळ्यात आमच्याकडे ब्रह्मकमळ फुलतं तेव्हा सगळ्या गल्लीला निरोप जातो. रात्री दहा-अकराला पूर्ण उमलतं आणि सकाळपर्यंत मान टाकतं. लोक झोपलेल्या मुलांना खांद्यावर घेऊन येतात. एक बाळ त्या वासाने जागं झालं आणि फुलाकडे न बघता सगळ्यांच्या हातातले बॅटरीचे प्रकाश मोजत बसलं.

मुळा_मुठा

माझा अनुभव जरा कडू आहे, तोही असू दे. मुलगा दोन वर्षांचा असताना एका घरी बाग बघायला गेलो. आधी विचारून गेलो होतो. त्यांनी हो म्हटलं, पण प्रत्येक पावलाला "सांभाळा", "अरे अरे", "त्याला तिकडे नको". दहा मिनिटांत आम्ही निरोप घेतला. त्यांचा राग नाही आला, त्यांनी त्या झाडांवर खूप मेहनत घेतली होती. पण "चालेल" आणि "आणाच" यांत फरक असतो आणि तो फोनवरच्या आवाजात कळतो. "आणाच" म्हणणाऱ्यांकडेच मूल न्या. बाकीच्यांकडे एकटे जा, टाचणी म्हणतात तसं शांतपणे ऐकायला.

टाचणी

हे पटलं. माझ्याकडून विचाराल तर मी "चालेल" म्हणेन, आणि त्याचा अर्थ मुळा_मुठा यांनी लिहिलाय तोच घ्यावा. खरीखुरी शेवंती बघायची असेल तर गवतीचहा, तुम्ही एकट्या या, कटिंग कधी घ्यायची आणि शेंडे कधी खुडायचे सगळं सांगतो.

केळफूल

आणखी एक लिहायचं राहिलं. बाबागाडी नेऊ नका, जुन्या घरांचे जिने अरुंद असतात आणि गच्चीवर कुंड्यांच्या मधून ती जात नाही. ओढणीची झोळी किंवा कमरेला बांधायचं कॅरियर चालतं. कपड्यांचा एक जोड, पाण्याची बाटली, आणि हात धुतल्याशिवाय खाऊ नाही. कुणाकडे जीवामृताचं पिंप असेल तर ते आधी विचारून घ्या. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, सगळं आंबत ठेवलेलं असतं आणि ढवळायची काठी नेमकी मुलांच्या हाताच्या उंचीवर.

गवतीचहा

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

लीड्सच्या ताईंची कल्पना मी काल गटात मांडली. जिना, कठडा, उघडं पाणी, कुत्रा, आणि लहान मूल आणलेलं आवडेल का, असे पाच मुद्दे पत्त्याबरोबर लिहायचे ठरले. लगेच तिघांनी "मुलं आणा" असं लिहिलं. एकांनी "आमचा कठडा बुटका आहे, मूल आणू नका" असं स्वच्छ सांगितलं, आणि मला ते फार आवडलं. गटात आणखी दोघींना लहान मुलं आहेत हेही त्यामुळे कळलं. त्या दोघीही येणं बंद करून बसल्या होत्या.

टाचणी, शेवंतीसाठी मी एकटी नक्की येणार. नवऱ्याची सुट्टी बघून कळवते.

मोगरा काकू, तुमच्याकडे पहिल्यांदा आलो तर चालेल का? मुलगी, मी आणि गटातली एक मैत्रीण तिच्या मुलासह. सकाळी साडेआठला येऊ, पाऊण तासात निघू. तिला गप्पी मासे आणि झारी एवढंच दाखवायचं आहे, बाकी जे दिसेल ते दिसेल. गोकर्णाच्या बिया आहेत माझ्याकडे, निळ्या दुहेरी पाकळीच्या, त्या आणते. त्याची फुलं गरम पाण्यात टाकून वर लिंबू पिळलं की निळ्याचं जांभळं होतं, ते आपण मुलांना करून दाखवू.

मोगरा_अंगणी

चालेल नाही, याच! आपल्या ओळखीची मंडळी असतील त्यांनाही आणा. रविवारी या, शनिवारी फवारणी करणार होते ती पुढे ढकलते. झारी एकच आहे आणि मुलं दोन, तेव्हा एक तुमच्याकडून घेऊन या, नाहीतर भांडणं होतील. प्राजक्ताचा बहर आता संपत आलाय पण थोडी फुलं पडतात, तुम्ही येईपर्यंत अंगण झाडणार नाही. फाटकाची कडी आतून लावलेली असते, मुलं बाहेर पळू नयेत म्हणून. हाक मारा, मी उघडते. आणि नाश्ता करून येऊ नका, उपमा करतेय.